पेन ड्राइव्ह निघत नाही, ‘परवानगी नाही’ म्हणतो: लिनक्स डेस्कटॉपवर नेमकं काय करायचं

मी जिथे संगणकांची देखभाल करतो त्या अभ्यासिकेत संध्याकाळी गर्दी असते. अशाच एका संध्याकाळी एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी मला हाक मारून म्हणाली, “दादा, हा पेन ड्राइव्ह सोडतच नाहीये. पासवर्ड मागतोय.” पेन ड्राइव्ह अभ्यासिकेचाच होता, जुन्या प्रश्नपत्रिकांचा. स्क्रीनवर चौकट आली होती: हे उपकरण दुसऱ्या वापरकर्त्याने माउंट केलं आहे, अनमाउंट करायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. (माउंट म्हणजे ड्राइव्ह सिस्टमला जोडून त्यातल्या फाइल उघडता येतील असं करणं, अनमाउंट म्हणजे तो नीट सोडवणं.) तिचा हात यूएसबीच्या खाचेपाशी गेला होता. आणखी दोन सेकंद गेले असते तर तिने तो ओढून काढला असता.

ही अडचण उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा यांपैकी कुठेही येते आणि बहुतेक जण तिच्यावर दोनच उपाय करतात: पेन ड्राइव्ह उपसून काढायचा, नाहीतर प्रत्येक कमांडपुढे ‘सुडो’ (म्हणजे ‘ही कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालव’) लावत सुटायचं. दोन्ही चुकीचे आहेत. नकार का आला हे पाच मिनिटांत शोधता येतं. कसं ते खाली क्रमाने सांगतो. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

आधी हे समजून घ्या

लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, दृष्टीने माउंट आणि अनमाउंट ही दोन्ही रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या ॲडमिन खात्याची, कामं आहेत. मग आपण साधे वापरकर्ते असूनही पेन ड्राइव्ह लावला की तो आपोआप कसा उघडतो? मधे एक मध्यस्थ बसलेला असतो, त्याचं नाव यूडिस्क्स. ही सेवा रूटच्या अधिकाराने चालते. फाइल मॅनेजर तिच्याकडे विनंती करतो, ती पोलकिट नावाच्या दुसऱ्या सेवेला विचारते की ‘या माणसाला हे करू द्यायचं का?’, आणि होकार आला तर काम करते.

यूडिस्क्स एक नोंदवही ठेवतं: /रन/यूडिस्क्स२/माउंटेड-एफएस. कोणतं उपकरण कोणत्या वापरकर्त्याने माउंट केलं, हे त्यात त्याच्या यूआयडी (वापरकर्ता) क्रमांकासह लिहिलेलं असतं. अनमाउंटची विनंती आली की यूडिस्क्स ही वही पाहतं. विनंती करणारा आणि माउंट करणारा एकच असेल तर पोलकिटला काही विचारलं जात नाही, काम लगेच होतं. नसेल तर मात्र ‘दुसऱ्याचं उपकरण अनमाउंट करणे’ हा वेगळा अधिकार लागतो. त्यासाठी मूळ सेटिंग असं आहे की तुम्ही संगणकासमोर बसलेले असलात तरी ॲडमिनचा पासवर्ड द्यावाच लागतो. एकदा दिला की साधारण पाच मिनिटं तो लक्षात ठेवला जातो.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: हा माउंट केला कोणी?

पायरी १: संदेश नीट वाचा

नकार दोन जातींचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ‘टार्गेट इज बिझी’ किंवा ‘डिव्हाइस बिझी’ असं आलं तर तो परवानगीचा प्रश्न नाही. ड्राइव्हवरची एखादी फाइल कुणीतरी उघडून ठेवली आहे एवढाच त्याचा अर्थ. तिथे सुडो लावूनही हेच उत्तर येतं, कारण रूटलासुद्धा कर्नल हेच सांगतो.

‘नॉट ऑथराइज्ड टू परफॉर्म ऑपरेशन’ किंवा ‘मस्ट बी सुपरयूझर टू अनमाउंट’ असं आलं तर मात्र तो खरोखर अधिकाराचा नकार आहे. यातला पहिला संदेश पोलकिटने नाही म्हटल्यावर येतो, दुसरा टर्मिनलमधल्या ‘यूमाउंट’ कमांडकडून. (तिचं स्पेलिंग फसवं आहे. यू नंतर थेट एम येतो, मधे एन नाही. नवशिक्यांची अर्धी संध्याकाळ या एका अक्षरापायी जाते.)

फाइल मॅनेजरच्या चौकटीत संदेश अनेकदा अर्धवट दिसतो. पूर्ण वाचायचा तर टर्मिनल उघडून ही कमांड द्या: यूडिस्कसीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/एसडीबी१. इथे एसडीबी१ च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं नाव घाला. ते ‘एलएसबीएलके -एफ’ ने कळतं. त्यात प्रत्येक विभागाचं (पार्टिशनचं) लेबल, फाइल सिस्टम आणि यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. काल एसडीबी असलेला ड्राइव्ह आज एसडीसी असू शकतो, म्हणून लेबल पाहूनच नाव उचला.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. ड्राइव्हवरच्या फाइल तुमच्या नावावर आहेत की नाहीत, त्या वाचता येतात की नाही, याचा अनमाउंटशी काहीही संबंध नाही. ‘चाउन’ आणि ‘सीएचमॉड ७७७’ चालवून ही अडचण सुटत नाही, उलट ड्राइव्हवरच्या परवानग्यांचा मात्र विचका होतो.

पायरी २: माउंट कोणी केला ते शोधा

टर्मिनलमध्ये ‘फाइंडमाउंट /डेव्ह/एसडीबी१’ द्या. एक ओळ येईल: कुठे माउंट आहे, फाइल सिस्टम कोणती, पर्याय कोणते. त्यातली दोन ठिकाणं पाहायची.

पहिलं म्हणजे पत्ता. उबुंटू-डेबियनमध्ये यूडिस्क्सने माउंट केलेला ड्राइव्ह /मीडिया/ या फोल्डरखाली वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये दिसतो. फेडोरा आणि आर्चमध्ये /रन/मीडिया/ खाली. पत्त्यात तुमचं नाव असेल तर ड्राइव्ह तुमच्या खात्यावर आहे. दुसऱ्याचं नाव असेल तर त्याच्या. ‘रूट’ असेल तर कुणीतरी फाइल मॅनेजर सुडोने उघडला होता. /एमएनटी असेल तर बहुतेक हाताने ‘सुडो माउंट’ केलेलं आहे.

दुसरं म्हणजे पर्यायांच्या यादीचं शेपूट. तिथे ‘यूहेल्पर=यूडिस्क्स२’ दिसलं तर माउंट यूडिस्क्समार्फत झाला आहे. हे नसेल तर यूडिस्क्सच्या वहीत त्याची नोंद नाही, आणि नोंद नसलेलं सगळं ते रूटचं धरून चालतं. काल तुम्हीच सुडो लावून माउंट केलेला ड्राइव्ह आज तुमचाच फाइल मॅनेजर तुम्हाला काढू देत नाही, त्याचं कारण हे. ज्या दाराने आत घेतला त्याच दाराने बाहेर न्यायचा: सुडो माउंट केला असेल तर सुडो यूमाउंट, यूडिस्कसीटीएलने किंवा माउसने केला असेल तर त्यानेच.

पायरी ३: एफएसटॅब तपासा

पत्ता /मीडिया/यूएसबी० असा विचित्र दिसला तर मला लगेच संशय येतो. डेबियन पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं की इन्स्टॉलर कधीकधी /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये (कोणती डिस्क कुठे आणि कशी माउंट करायची याची यादी) त्या वेळच्या पेन ड्राइव्हची ओळ मागे सोडतो: /डेव्ह/एसडीबी१, जागा /मीडिया/यूएसबी०, पर्याय ‘आरडब्ल्यू, यूझर, नोऑटो’. इन्स्टॉल होऊन महिने उलटले तरी ती ओळ तिथेच असते. पुढे जो ड्राइव्ह एसडीबी१ म्हणून लागेल तो या ओळीच्या नियमाने चालतो, नेहमीच्या वाटेने नाही. त्यावर फाइल लिहिता येत नाही, काढताना नखरे होतात आणि माणूस चांगल्या पेन ड्राइव्हला दोष देत बसतो. उपाय सोपा आहे: एफएसटॅब सुडोने उघडा, त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घाला, सेव्ह करा. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’.

काही जण बॅकअपची पोर्टेबल हार्ड डिस्क मुद्दाम एफएसटॅबमध्ये लिहून ठेवतात. तिथे ‘यूझर’ आणि ‘यूझर्स’ या दोन पर्यायांतला फरक माहीत हवा. दिसायला एका एसचा फरक आहे. ‘यूझर’ लिहिलं तर कोणताही साधा वापरकर्ता माउंट करू शकतो, पण अनमाउंट फक्त त्यालाच करता येतं ज्याने माउंट केलं. ‘यूझर्स’ लिहिलं तर कुणीही माउंट करावं, कुणीही काढावं. गंमत अशी की ओळीत ‘नोऑटो’ नसेल तर संगणक सुरू होतानाच डिस्क माउंट होते, आणि ती माउंट करणारा असतो रूट. मग ‘यूझर’ असूनही तुम्हाला ती काढता येत नाही. पर्याय बरोबर लिहिलाय, तरी नकार येतोय, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे मी आधी हेच पाहतो.

घरच्या बॅकअप डिस्कसाठी माझी पसंती अशी: नावाऐवजी यूयूआयडी, आणि पर्यायांत ‘नोऑटो, यूझर्स, नोफेल’. नोफेल यासाठी की उद्या ‘नोऑटो’ काढलंत आणि डिस्क न लावता संगणक सुरू केलात, तर सिस्टमडी (संगणक सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) तिची ९० सेकंद वाट पाहत बसतं आणि शेवटी इमर्जन्सी मोडमध्ये आणून सोडतं. ‘यूझर’ किंवा ‘यूझर्स’ लिहिलं की डिस्कवरून प्रोग्रॅम चालवणं आपोआप बंद होतं, हेही लक्षात ठेवा. बदल केल्यावर ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ चालवा. ओळीत चूक असेल तर ती आत्ताच कळेल, रीस्टार्टनंतर नाही.

पायरी ४: पासवर्डची चौकटच येत नसेल तर

कधीकधी पासवर्ड मागितलाच जात नाही, थेट ‘नॉट ऑथराइज्ड’ येतं. याची दोन कारणं नेहमीची आहेत.

एक, पासवर्डची चौकट दाखवणारा एजंट चालू नाही. पोलकिट स्वतः चौकट दाखवत नाही. ते काम डेस्कटॉपचा एजंट करतो. ग्नोम, केडीई, मिंट यांत तो असतोच. पण जुना संगणक हलका व्हावा म्हणून कुणी ओपनबॉक्स किंवा आय३ बसवलं असेल तर एजंट वेगळा लावावा लागतो. एलएक्सपोलकिट किंवा मेट-पोलकिट इन्स्टॉल करा आणि लॉगिनबरोबर सुरू होईल असं ठेवा.

दोन, तुमचं सत्र ‘सक्रिय’ धरलं जात नाही. पोलकिट संगणकासमोर बसलेल्या माणसाला जास्त सूट देतं आणि दुरून आलेल्याला कमी. ‘लॉगिनसीटीएल’ द्या, आपल्या सत्राचा क्रमांक पाहा, मग ‘लॉगिनसीटीएल शो-सेशन’ आणि तो क्रमांक द्या. ‘ॲक्टिव्ह=येस’ आणि ‘रिमोट=नो’ दिसायला हवं. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून टर्मिनलमार्फत, आत शिरला असाल तर रिमोट ‘येस’ असणारच, आणि माउंट करायलाही ॲडमिनचा पासवर्ड लागेल. मात्र दिवसा संगणकासमोर बसून तुम्हीच माउंट केलेला ड्राइव्ह रात्री घरून एसएसएचने त्याच खात्यातून काढायचा असेल तर विनापासवर्ड निघतो, कारण वहीत नाव तुमचंच आहे.

पायरी ५: परवानगी मिळाली, तरी ‘बिझी’

पुन्हा अभ्यासिकेत येतो. मी फाइंडमाउंट चालवलं तर पत्त्यात दुसऱ्याच खात्याचं नाव. तिच्या आधी बसलेला मुलगा लॉगआउट न करता ‘स्विच यूझर’ करून चहाला गेला होता; त्याचं सत्र मागे तसंच जिवंत होतं. मी ॲडमिनचा पासवर्ड दिला आणि लगेच दुसरा नकार आला: टार्गेट इज बिझी. एकामागे एक दोन कुलपं होती.

तिने तोवर माझ्याकडून ऐकलेली, उघड्या फाइल दाखवणारी ‘एलएसओएफ’ कमांड स्वतःच देऊन पाहिली होती. “दादा, काहीच उघडं नाहीये,” ती म्हणाली. तिला काही दिसलं नाही हे बरोबरच होतं, पण काही उघडं नव्हतं असं नाही. सुडोशिवाय एलएसओएफ आणि फ्यूजर दुसऱ्याच्या प्रोग्रॅमनी उघडलेल्या फाइल दाखवू शकत नाहीत. परवानगीच्या प्रश्नातली ही सगळ्यात फसवी जागा आहे: यादी रिकामी दिसते, कारण यादी पाहायचीच परवानगी नसते.

मी दिलेली कमांड अशी: सुडो फ्यूजर -व्हीएम, आणि पुढे माउंटचा पूर्ण पत्ता. पहिली ओळ ‘कर्नल माउंट’ अशी येते, ती सोडून द्यायची. दुसऱ्या ओळीत त्या मुलाचं खातं होतं, पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) होता, प्रवेशाच्या रकान्यात ‘एफ’ हे अक्षर आणि शेवटी पीडीएफ वाचकाचं नाव. म्हणजे २०१९ ची की कुठलीशी प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवरूनच उघडून तो उठला होता.

रकान्यातली अक्षरं ओळखायला शिका. लहान ‘एफ’ म्हणजे फाइल उघडी आहे, कॅपिटल ‘एफ’ म्हणजे ती लिहिण्यासाठी उघडी आहे, तिथे घाई अजिबात नको. ‘सी’ म्हणजे एखादा प्रोग्रॅम त्या फोल्डरमध्ये उभा आहे. बहुतेकदा ते तुमचंच टर्मिनल असतं, ‘सीडी’ करून घरी परतलात की सुटतं. ‘ई’ म्हणजे ड्राइव्हवरचाच प्रोग्रॅम चालू आहे. नाव ‘टंबलर’ किंवा ‘बालू’ असेल तर चित्रांची छोटी रूपं किंवा शोधसूची बनवायचं काम चालू आहे. अर्धा मिनिट थांबा, आपोआप संपेल. फ्यूजरही रिकामं आलं तर ड्राइव्हवरची आयएसओ फाइल कुठे माउंट केली आहे का, किंवा एखादा डॉकर कंटेनर त्यातला फोल्डर वापरतो आहे का, ते पाहा.

‘फ्यूजर -केएम’ मात्र डोळे झाकून कधीही चालवू नका. ‘के’ म्हणजे सगळे प्रोग्रॅम मारून टाक. त्यातून पत्ता चुकला आणि तिथे काही माउंटच नसेल, तर ‘एम’ त्या फोल्डरची मूळ फाइल सिस्टम धरतो, म्हणजे तुमची सगळी सिस्टम, आणि तिच्यावर चालणारं सगळं मारायला निघतो. वापरायचीच वेळ आली तर सोबत कॅपिटल ‘एम’ जोडा; मग पत्ता खरोखर माउंट असेल तरच कमांड पुढे जाते.

मी काही मारलं नाही. त्या मुलाचं सत्र ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन’ने बंद करता आलं असतं, पण त्याच्या दुसऱ्या खिडकीत टिपणं उघडी असतील तर ती गेली असती. टपरी समोरच होती. त्याला बोलावलं, त्याने पीडीएफ बंद केली, ड्राइव्ह निघाला.

‘यूमाउंट -एल’ हा पर्यायही कुणी सुचवेल. एल म्हणजे आळशी अनमाउंट. ड्राइव्ह लगेच यादीतून नाहीसा होतो, पण ज्यांनी फाइल उघडल्या आहेत ते मागे लिहीतच राहतात. सगळं मोकळं झालं असं वाटून तुम्ही ड्राइव्ह उपसता आणि फाइल अर्धी राहते. डेटा हवा असेल तर हा पर्याय नको.

पायरी ६: सामायिक संगणकासाठी कायमची सोय

जिथे रोज माणसं बदलतात तिथे प्रत्येक वेळी ॲडमिनला बोलावणं जमत नाही. तिथे पोलकिटचा एक नियम लिहिता येतो. फाइल /ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी या फोल्डरमध्ये ठेवायची, नावाच्या शेवटी ‘.रूल्स’, आणि मजकूर जावास्क्रिप्टमध्ये. नियमाचा आशय एवढाच: कृती ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.यूडिस्क्स२.फाइलसिस्टम-अनमाउंट-अदर्स’ असेल, आणि विचारणारा स्थानिक आहे, सक्रिय आहे, आणि ठरावीक गटात आहे, तर उत्तर ‘येस’. गट मी नवा बनवला, त्यात फक्त संध्याकाळी जबाबदारी घेणारी तीन मुलं. सरसकट सगळ्यांना ही सूट देऊ नका. पण यामुळे कुणी चुकून दुसऱ्याचं चालू काम मधेच तोडेल ही भीतीही नको. फाइल उघडी असेपर्यंत साध्या अनमाउंटला ‘बिझी’चं कुलूप कर्नल लावूनच ठेवतो.

जुन्या सिस्टमवर हा नियम चालणार नाही. जावास्क्रिप्टचे नियम पोलकिटमध्ये २०१२ मध्ये आले, पण डेबियन आणि उबुंटू बरीच वर्षं त्याआधीच्या ०.१०५ आवृत्तीवर राहिले. उबुंटू २२.०४ मध्येही तीच आहे, तिथे ‘.पीकेएलए’ पद्धतीची फाइल लागते. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ पासून नवी पद्धत चालते. नियमात चूक झाली असेल तर ‘जर्नलसीटीएल -यू पोलकिट’ मध्ये ती ओळीच्या क्रमांकासह सापडते.

अनमाउंट झाल्यावर

मोठी फाइल टाकल्यावर अनमाउंटला वेळ लागतो तो परवानगीमुळे नाही. कॉपीची पट्टी १०० टक्के दाखवते तेव्हा बराचसा भाग अजून मेमरीतच असतो. ‘ग्रेप -आय डर्टी /प्रॉक/मेमइन्फो’ दोन-तीनदा चालवा. आकडा उतरताना दिसेल. मंद पेन ड्राइव्हवर याला काही मिनिटं लागतात. लागू द्या.

पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर अनमाउंटनंतर ‘यूडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी’ द्या. इथे शेवटी १ नाही, कारण पूर्ण डिस्क बंद करायची आहे. तिच्यावर दोन विभाग असतील तर दोन्ही आधी काढावे लागतात, कुलूपबंद विभाग असेल तर अनमाउंटनंतर ‘यूडिस्कसीटीएल लॉक’ही. डिस्कवर तळहात ठेवलात तर आतली थरथर मंदावत थांबते ते कळतं. मगच केबल काढा.

आणि ड्राइव्ह आधीच कुणी उपसून काढला असेल, तर पुढच्या वेळी लावल्यावर ‘सुडो डीमेसेज’ मध्ये ‘व्हॉल्यूम वॉज नॉट प्रॉपरली अनमाउंटेड’ अशी ओळ येते. तेव्हा त्यावर नवीन काही लिहू नका. जे वाचता येतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या, ड्राइव्ह अनमाउंट करा, आणि मग त्या विभागावर ‘सुडो एफएससीके’ चालवा. माउंट असलेल्या ड्राइव्हवर एफएससीके चालवायचं नाही.